उंटाचं पुढे काय झालं

कापसाच्या बाबतीत गादीवाली आत्या नाकावर माशी बसू देत नसे. घराच्या पुढच्या खोलीत तिचं दुकान, मागे भाऊ, वहिनी आणि त्यांची सात वर्षांची भिंगरी. आत्याने पिंजलेला कापूस इतका हलका असे, की उशी घेऊन निघालेलं गिऱ्हाईक ती काखेतच आहे ना, हे कोपऱ्यावर थांबून चाचपून बघे. हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची, न विचारता.

भिंगरीचं नावही आत्यानेच पाडलेलं. पोरीचं बूड एका जागी टेकत नसे. जेवता जेवता उठायची, कपाट आणि भिंत यांच्या फटीत शिरून स्वतःला दाबून घ्यायची, पलंगावरून धाडकन उडी मारायची की पुन्हा वर. घरात सगळ्यांना त्याची सवय झाली होती. पंचाईत होती ती शाळेत. शेवटच्या तासाला बाई गोष्ट सांगायच्या. गोष्ट रंगात आली की भिंगरीचे पाय बाकावर आपटू लागत, मग ती उठे, मग बाकीच्यांना काही ऐकू येईना. बाई प्रेमळ होत्या, पण वर्गभर पोरांपुढे त्यांचाही नाइलाज व्हायचा. त्या तिला व्हरांड्यात चक्कर मारून यायला सांगत. ती परत येईपर्यंत गोष्ट संपलेली असे.

त्यामुळे भिंगरी रोज अर्धीच गोष्ट घेऊन घरी यायची आणि उरलेली आत्या पुरी करायची. आत्याच्या गोष्टीत राजा असो, चोर असो की बेडूक, शेवटी सगळे दमून मऊ गादीवर झोपत. भिंगरी खिदळायची. पण हसून झालं की विचारायची, "पण खरं काय झालं?" ते आत्याला कुठून ठाऊक असणार? 

मग शाळेने एका थेरपिस्ट बाईंना बोलावलं. त्यांनी भिंगरीला मनसोक्त खेळू दिलं आणि घरच्यांना समजावलं, की पोरगी हे मुद्दाम करत नाही. काही मुलांच्या शरीराला दाब आणि वजन जास्त हवं असतं, ते मिळेपर्यंत ती शोधत राहतात. बसताना मांडीवर ठेवायला एखादी वजनदार उशी करून बघा, असं त्या म्हणाल्या. उशी म्हटल्यावर आत्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. 'वजनदार' हा शब्द मात्र तिच्या कानांनी दारातूनच परत पाठवला.

तिने जन्मात केली नव्हती अशी हलकी उशी केली. भिंगरीने शाळेत ती मांडीवर ठेवली आणि ठेवलीय हेच विसरून गेली. त्या दिवशी ती उंटाची अर्धी गोष्ट घेऊन आली. उंट घर शोधत हिंडत होता, पण एकही दार त्याच्या उंचीला पुरेना. पुढे? पुढे व्हरांडा. उशीसुद्धा शाळेतच राहिली होती.

गाढवाला गुळाची चव काय, असं सख्ख्या भाचीबद्दल पुटपुटत आत्या फुगून बसली. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं, की घरात धपधप नाही, धडधड नाही. तिच्या तोंडचं पाणी पळालं. शोधते तर भिंगरी दुकानातच होती. पिंजायला आलेल्या, गोळे होऊन दगडासारख्या झालेल्या एका जुन्या गादीखाली शिरून, डोकं तेवढं बाहेर ठेवून पोरगी शांतपणे गुणगुणत पडली होती. आत्याने घाईने नवी रजई पुढे केली. भिंगरीने ती बाजूला सारली.

"नको. हिच्याखाली माझे पाय कुठे आहेत ते मला कळतं."

आत्या तिथेच जमिनीवर बसली. घोडं कुठे पेंड खातंय, ते आता तिला कळलं.

तिने थेरपिस्ट बाईंना फोन केला आणि या खेपेला नीट ऐकून घेतलं. उशी भिंगरीला स्वतःला सहज उचलून बाजूला ठेवता आली पाहिजे, त्याहून जड नको. आत्याने बारीक वाळू धुऊन वाळवली आणि एका जागी गोळा होऊ नये म्हणून छोट्या छोट्या कप्प्यांत भरली. जन्मभर वजन काढलेल्या हातांनी वजन भरायचं तिच्या अगदी जिवावर आलं होतं. कुणी गिऱ्हाईक बघेल म्हणून तिने दुकानाचं दार ओढून घेतलं. कापड भिंगरीने गालाला घासून निवडलं. तलम सगळं नापास, जाडंभरडं पास. शाळेतल्या बाईंनीही एक युक्ती काढली. गोष्टीआधी वर्गाच्या वह्यांचा गठ्ठा उचलून कपाटात ठेवायचं काम त्यांनी भिंगरीला दिलं, आणि तिच्या हट्टाखातर उंटाचीच गोष्ट पुन्हा सांगायचं कबूल केलं.

त्या दिवशी आत्याचं कापसात लक्ष नव्हतं. शाळा सुटायच्या कितीतरी आधीपासून ती दारात उभी होती. भिंगरी आली ती उशी पोटाशी धरून, आणि चक्क चालत.

"आत्या, तो खाली बसला. उंट. बसल्यावर दार पुरलं, मग तो सरकत सरकत आत गेला. सगळे हसले. मीपण हसले, सगळ्यांच्याबरोबर."

आत्या आनंदाने तिथेच उंबऱ्यावर बसली. विचारलं ते मात्र जुनंच. "आणि मग झोपला कशावर?"

भिंगरी विचारात पडली. मग तिने जड उशी आत्याच्या मांडीवर ठेवली आणि तिच्यावर डोकं टेकलं.

"ते बाईंनी सांगितलंच नाही. ते तू सांग."