तिसऱ्या शंखाआधी

मालोफा गावात संध्याकाळी तीन शंख वाजतात. पहिल्याला माणसं घराकडे वळतात, दुसऱ्याला घरोघरी प्रार्थना सुरू होते, आणि तिसरा वाजेपर्यंत कुणी बाहेर पाऊल टाकायचं नाही. गावातली तरणी पोरं एकसारख्या लुंग्या नेसून रस्त्याला पहाऱ्यावर उभी असतात. पाहुण्याची मोटारसुद्धा थांबवतात. नेम मोडला तर गावसभा त्या घराला दंड करते. दंड म्हणजे एक डुक्कर. देवाला दिलेली ही वीस मिनिटं, आणि त्याबद्दल सवाई बेटावर कुणाचं दुमत नाही.

फुआतीनोच्या घरी याच वीस मिनिटांत तिच्या लेकीला, सेनेला, मार बसायचा.

फुआतीनो वाईट बाई नव्हती. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढचं ऐकल्यावर कुणाला ते पटायचं नाही. नऊ भावंडांतली ती चौथी. सहा वर्षांची असताना मूल नसलेल्या मावशीकडे तिला देऊन टाकली होती. तशी रीत आहे आणि रीत वाईट नाही, कितीतरी मुलं अशा घरी सुखात वाढतात. पण या मावशीने पोरीला पोटभर जेवण दिलं, राबवून घेतलं आणि नारळाच्या हिरांच्या खराट्याने वळण लावलं. "मावशीचा खराटा खाल्ला म्हणून माणसात आले," असं फुआतीनो मोठेपणी अभिमानाने सांगायची. ऐकणाऱ्या बायका माना डोलवायच्या. बहुतेकींनी कुणाचा ना कुणाचा खराटा खाल्लेलाच होता.

लग्न होऊन ती इओसेफोच्या घरी आली तेव्हा ते घर जुन्या पद्धतीचं होतं. गोल खांब, वर छप्पर, भिंत नाहीच. पाऊस आला की झावळ्यांचे पडदे सोडायचे. सेने रांगती असताना एकदा फुआतीनोने तिच्यावर हात उगारला. पलीकडच्या टोकाला सासू चटई विणत होती. तिने मानही वर केली नाही. म्हणाली, "हाताला काम नसेल तर इकडे ये बाई, इथे चार बोटं विणायची राहिलीत." शेजारच्या उघड्या घरातून मातालेना आजी खुदकन हसली. हात खाली आला. असं कितीदा झालं असेल, कुणी मोजलं नाही. ही पोरांची राखण आहे, असंही कधी कुणाच्या मनात आलं नाही.

मग इओसेफो न्यूझीलंडला सफरचंदांच्या बागांत कामाला जाऊ लागला, वर्षाचे सात महिने. त्या कमाईतून जुनं घर उतरवलं आणि सिमेंटचं बांधलं. काचेच्या पट्ट्यांच्या खिडक्या, कुलपाचं दार. घरभरणीला पाळकबुवांनी आशीर्वाद दिला, बायकांनी भिंतींवरून हात फिरवून पाहिले. त्याच वर्षी सासू धाकट्या मुलाची पोरं सांभाळायला ऑकलंडला गेली. घर मोठं झालं आणि घरात माणूस उरलं नाही. उरली ती फुआतीनो, सेने आणि अंगभर गळवं झालेलं तान्हं बाळ.

रविवारी इओसेफोचा फोन यायचा. घर ठीक आहे ना, मुलं ठीक आहेत ना, एवढंच तो विचारायचा आणि ती हो म्हणायची. दुसरं काय सांगणार? एकदा चर्चच्या स्त्रीमंडळात ती बोलून गेली, की बाळ झोपू देत नाही, डोकं भणभणतं. त्यावर एकीने विचारलं, "पक्क्या घरातही झोप लागत नाही का गं?" सगळ्या हसल्या. तीही हसली. पण पुन्हा तो विषय तिने काढला नाही.

ऑक्टोबरात मुलांचा पांढरा रविवार असतो. पांढरेशुभ्र कपडे घातलेली मुलं चर्चमध्ये उभी राहून पाठ केलेली वचनं म्हणतात. आदल्या वर्षी सेने तिसऱ्या वचनाला अडली आणि रडत खाली बसली. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "बाप परमुलखात, आजीही गेली. शिकवणार कोण?" बोलणाऱ्याच्या ते लक्षातही राहिलं नसेल. फुआतीनोच्या काळजात मात्र ते काट्यासारखं रुतून बसलं.

यंदा तिने ऑगस्टपासूनच पाठांतराला सुरुवात केली. वेळ निवडली दुसऱ्या शंखानंतरची, कारण ती पवित्र वेळ आणि तेव्हा कुणी दारात येत नाही. आधी नुसतं रागावणं होतं, मग कान पिळणं आलं आणि शेवटी खराटा. तिला ते पापही वाटत नव्हतं. देवाचा शब्द शिकवताना मारलेलं मारात धरत नाहीत, असंच ती ऐकत आली होती. बाळ रडत असायचं, सेने अडायची, आणि फुआतीनोच्या तोंडून मावशीचे शब्द जसेच्या तसे बाहेर पडायचे. नंतर ती गरम कोको करून द्यायची, पोरीच्या पोटऱ्यांना खोबरेल चोळताना रडायची. "तुझ्याच भल्यासाठी गं." आठ वर्षांची सेने आईचे डोळे पुसत म्हणायची, "हो आई, मला माहीत आहे."

शेजाऱ्यांना ऐकू जायचंच. पण दार बंद, आणि शंख झालेला.

सप्टेंबरातला मंगळवार होता. मातालेना आजी भावाच्या कुटुंबाबरोबर प्रार्थनेला बसली होती. भाऊ ताविता हा घरचा कर्ता, गावसभेतला माणूस. भजन चालू होतं आणि पलीकडून सेनेचं रडणं येत होतं. रोजचंच ते. पण आज ते अर्ध्यात तुटलं आणि पुन्हा सुरू झालं नाही. सत्तर वर्षांची मातालेना उठली आणि हिरवळीवरून तडक चालू लागली. पहाऱ्यावरचा पेनी धावत आला. "आजी, शंख झालाय."

"ऐकलाय. तुझा बाप जन्मायच्या आधीपासून ऐकतेय," ती म्हणाली आणि थांबली नाही.

फुआतीनोने दार उघडलं तेव्हा खराटा तिच्या हातातच होता. सेने भिंतीला पाठ लावून बसली होती, भुवईवरून रक्ताची रेघ उतरत होती. म्हातारीने खराटा काढून घेतला. म्हणाली, "पोर आज माझ्याकडे जेवेल. हाही नेते, माझा झिजलाय." एवढंच बोलून सेनेला घेऊन ती आल्या वाटेने परतली, अख्ख्या गावाच्या नजरेसमोर.

सोमवारी गावसभेत ताविताला जाब विचारला गेला. त्याने बहिणीला विचारलं होतं. ती म्हणाली होती, पाय आखडले म्हणून जरा चालले. अशा कारणाला माफी नसते. ताविताची माजावर आलेली डुकरीण दोघांनी ओढत नेली. ताविता चार दिवस बहिणीशी बोलला नाही. हे सगळं फुआतीनोने खिडकीच्या पट्ट्यांतून पाहिलं. म्हातारीने एक शब्द उच्चारला असता तर ते जनावर वाचलं असतं, हे तिला कळत होतं.

डुकरीण नेली त्याच दुपारी ती मातालेनाकडे गेली आणि खांबाशी बसली. म्हणाली, "का नाही सांगितलंस?"

"सांगून गावाने तुला काय केलं असतं? दंड. दंडाने तुझा हात थांबणार असता तर सांगितलं असतं."

फुआतीनो चटईची कडा उसवत राहिली. "आजी, दुसरा शंख वाजला की मला माझीच भीती वाटते."

मातालेना समुद्राकडे बघत होती. "माझा थोरला एका कानाने बहिरा आहे. सासू होती मला, पण ती आठ दिवस लेकीकडे गेली होती. एकोणीस वर्षं झाली, ऑस्ट्रेलियातून त्याचं पत्र नाही." मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "उद्यापासून पहिल्या शंखाला इकडे यायचं. या घराला भिंत नाही."

दुसऱ्या दिवसापासून फुआतीनो मुलांना घेऊन तिथेच प्रार्थनेला बसू लागली. पांढऱ्या रविवारी सेने पुन्हा तिसऱ्या वचनाला अडली. तिने पाळकबुवांकडे पाहिलं नाही, वचनपुस्तकाकडे पाहिलं नाही. तिने आधी आईच्या हातांकडे पाहिलं. चर्चभर माणसं बसलेली, पण त्या नजरेचा अर्थ एका आईलाच कळला. फुआतीनोने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. सेनेने तिसरं वचन सोडून चौथं म्हटलं. लोकांनी आमेन म्हटलं. दुपारी रिवाजाप्रमाणे मुलं आधी जेवली, मोठ्यांनी वाढलं. फुआतीनो लेकीच्या पानावरच्या माश्या वारत बसली होती.

देवाची कृपा अशी एका दिवसात पुरी होत नाही. नोव्हेंबरात मातालेना डोळ्यांच्या उपचाराला आपिया शहरात गेली. ती नसताना ताविताच्या घरी जायचा फुआतीनोला संकोच वाटला. पाच दिवस पावसाची झड लागलेली, बाळाला ताप. दुसरा शंख नुकताच झाला होता आणि सेनेच्या हातून दुधाच्या पावडरचा डबा निसटला. शेवटचा डबा, ओल्या जमिनीवर सगळा सांडला. कोपऱ्यात नवा खराटा होता. तो हातात कधी आला, फुआतीनोला कळलंही नाही. सेने पळाली नाही. ती बाळावर ओणवी झाली आणि पाठ आईकडे केली.

ती पाठ बघून फुआतीनोच्या हातातला खराटा गळाला. तिने बाळ कडेवर घेतलं, सेनेचा हात धरला आणि दार उघडून पावसात पाऊल टाकलं.

"फुआतीनोताई, शंख झालाय," पेनी ओरडला.

ती चालत राहिली. घराघरांतली भजनं चालूच होती, डोळे मात्र सगळ्यांचे उघडले होते. ताविताच्या घरी ती चटईच्या टोकाला ओलेत्याने बसली. ताविताने पाहिलं, गाणं थांबवलं नाही. त्याची बायको थोडी सरकली आणि सेनेला तिने कोरड्या जागी ओढून घेतलं.

नेम मोडला होता, तेव्हा सभा बसणारच होती. गावातच वेगळा राहणारा, सभेत या घराच्या वतीने बोलणारा इओसेफोचा मधला भाऊ आदल्या दिवशी विचारायला आला. "वहिनी, काय कारण सांगू? बाळाचा ताप सांगतो, माफ करतील."

"नको. खरं ते सांगा. म्हणावं, घरात थांबले असते तर पोरीला मारलं असतं."

सभेत त्याने तेच सांगितलं. तिथे बसलेल्यांपैकी कुणाच्या घरात काय चालतं ते ज्याचं त्याला ठाऊक. शेवटी एका म्हाताऱ्याने घसा साफ केला आणि सांगितलं की दंड नेमाप्रमाणे भरावा, आणि पहाऱ्यावरच्या पोरांनी यापुढे अशा कारणाने बाहेर पडलेल्या बाईला हाक मारून अडवू नये.

दंड माफ झाला नाही, आणि फुआतीनोने माफी मागितलीही नव्हती. दिवसाउजेडी, सगळ्या गावादेखत, आपलं एकुलतं डुक्कर दोरीने ओढत तिने स्वतः पोचवलं. मध्येच ते अडून बसलं. तेव्हा मागून सेने आली, हातात एक काठी घेऊन, आणि आईच्या बाजूने चालत त्याला हाकू लागली.