हात लावू नका

"हात लावू नका." त्याचं पहिलं वाक्य हेच, आणि बहुतेक वेळा शेवटचंही. समोर साहेब असो, शिपाई असो, चहावाला असो, 'नका' कायम. तो आदर नव्हता, ते अंतर होतं. असं कुंपण घालून बसलेलं एखादं माणूस तुमच्याही ओळखीत असेल.

नागापूरच्या एका कारखान्यात तो आणि मी रेडिओचे भाग जोडायचो. सुट्टीला मी लग्नाच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचो. त्याला बँडचा तिटकारा आणि मला त्याचा. मोडक्या रेडिओंमधल्या ट्रान्झिस्टरांवर त्याने एक पेटी बनवली होती. एक बटण दाबलं की 'धुम्', दुसरं दाबलं की झांजेसारखं 'छिस्स'.

"मग आमी काय करायचं? पेटीला हार घालायचा?" मी विचारलं.

"तो तरी नीट घाला. ड्रम तुम्ही बडवता, वाजवत नाही."

सगळे हसले. ते हसू मी जपून ठेवलं.

बटणं तालाच्या मागे पडायची. म्हणून त्याने ती उपटली आणि पितळी पट्ट्या बसवल्या. नुसतं बोट टेकलं की कातडीच्या ओलाव्यातून वीज सरकायची आणि ठोका पडायचा. "काठी नको, चामडं नको," तो म्हणायचा. 'चामडं' म्हणताना त्याचे दात आवळले जायचे.

एका रविवारी पाथर्डीच्या एसटीने त्याचे वडील येणार आहेत, असं कानावर आलं. बापासमोर त्याची फजिती होते का, ते बघायला मी मुद्दाम त्याच्या खोलीवर गेलो. तो दारातच आडवा आला, पण म्हाताऱ्याने मला आत बसवलं आणि आपणहून बोलू लागला. म्हातारा गावात चामड्याची हलगी वाजवायचा. बौद्ध झाल्यावर गावकीचं वाजवणं सुटलं. मेल्या ढोराच्या कातड्याला हात लावायचा नाही, अशी शपथच घेतली त्याने. "शपत पाळली. पर बोटं ऐकत न्हाईत," तो म्हणाला. बोलतानाही त्याची बोटं गुडघ्यावर चालत होती.

पेटी कोणासाठी होती, ते मला तेव्हा कळलं.

म्हाताऱ्याने पट्टीवर बोट ठेवलं. पेटी गप्प.

"दाबा, आबा."

"दाबतुय की."

दुष्काळाचं साल होतं. सरकारी कामावर खडी फोडून त्याच्या हातांची ढेकळं झाली होती. त्या कोरड्या बोटांची पेटीला जाणीवच होत नव्हती. पोराने ओलं फडकं आणलं, तर पाणी पट्ट्यांवर पसरलं आणि पेटी एकसारखी घोंघावत सुटली. त्याने ती घाईघाईने पुसली.

मी हसलो. नुसता हसलो नाही. "सरा, मी दावतो," म्हणत माझं घामट बोट टेकवलं. पेटीने लगेच ओ दिली. धुम्! तो आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही.

"हात लावू नका!" तो किंचाळला.

"वरडू नगं," म्हातारा म्हणाला. "त्याचा हात वळखती, माजा न्हाई. यंत्राला काय कळतं? आन तुजा हात हिकडं."

त्याने पोराचं मनगट धरलं, पंजा पट्ट्यांवर केसभर अधांतरी ठेवला, आणि त्या पंजाच्या पाठीवर हलगी वाजवायला सुरुवात केली. प्रत्येक थापेला पोराचा हात खाली जाई आणि पेटी बोले. धुम्, धुम्, छिस्स. थापा वाढत गेल्या. पोराचे ओठ घट्ट मिटले होते, पण हात जागचा हलला नाही. माझे पाय ताल धरत होते. मी ते बळेच दाबून धरले.

पुढे तो कारखाना सोडून गेला. कुठे गेला, ते कोणाला सांगितलं नाही. मला तर नाहीच. मला आठवतो तो त्या रविवारनंतरचा सोमवार. त्याच्या उजव्या हाताची पाठ काळीनिळी पडून सुजली होती. मी मलमाची डबी घेऊन जवळ गेलो.

"हात लावू नका," तो म्हणाला, आणि सुजलेला हात त्याने दुसऱ्या हाताखाली झाकून घेतला.