फोडलेला ओटा

भिलाईतली ती सिमेंटचोरी आठवली की आजही माझं डोकं चक्रावतं. पोलाद कारखाना उभा राहत होता. पाण्याच्या मोठ्या हौदाची भिंत तडकली होती आणि भट्टी पेटवायची घाई. म्हणून एक मशीन आणलं होतं. हवेच्या जोरानं सिमेंट-रेती नळीतून थेट भिंतीवर मारायची. फळ्या नकोत, थापी नको. असलं काम आमच्या ठाण्यात कुणी पाहिलेलं नव्हतं.

ठेकेदाराच्या स्टोअरबाबूनं फिर्याद दिली, की जितकं सिमेंट मशीनमध्ये जातं तितकं भिंतीवर दिसत नाही. गेटवरची झडती चोख होती. मग माल जातो कुठं? माझी मती गुंग झाली. तेवढ्यात खबऱ्यानं सांगितलं, नळी धरणाऱ्या मजुराच्या झोपडीपुढं सिमेंटचा नवा ओटा झालाय. पंचनामा केला, त्याला कोठडीत घातलं. ठेकेदार म्हणाला, चोर ठरला तर नवरा-बायको दोघंही कामावरून जातील.

"भिंतीवरून खाली पडते साहेब, तेच हाय. फेकूनच देऊन राहिले होते," तो एकच सांगे.

"भिंतीवर मारलेलं खाली पडतं, तर भिंत दुरुस्त कशी होते?" मी दरडावलं. तो पुन्हा तेच सांगू लागला. मला वाटलं, सापडला.

सकाळी त्याची बायको डोक्यावर टोपली घेऊन ठाण्यात आली. त्याच कामावर झाडलोट करणारी मजूर. ओटा फोडून तिनं तुकडे आणले होते.

"हे घ्या तुमचं सिमिट. माह्या माणसाले सोडा."

एक तुकडा मी बोटांनी दाबला तर भुगा झाला. निव्वळ रेती. चोरीच्या सिमेंटचा ओटा असा कसा? मी आणखीच गोंधळलो. तसाच उठून हौदावर गेलो. नळी सुरू झाली आणि भिंतीवरून उसळलेला मारा माझ्या तोंडावर, वर्दीवर आला.

"दूर व्हा साहेब," इंजिनिअर हसला. "थोडं चिकटतं, थोडं उसळून पडतं. पडलेल्यात रेतीच जास्त, पुन्हा वापरता येत नाही. टोपल्या भरून बाहेर फेकतो."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"मला कुणी विचारलंच नाही."

तिथंच चोरी संपली. मजुराला सोडलं, दोघांचंही काम टिकलं. वस्तू हाती लागली की तपास झाला असं पोलिसाला वाटतं. ती वस्तू तिथं आली कशी, हे जाऊन बघायला हवं. एवढं मी त्या दिवशी शिकलो.

निघताना त्या बाईनं विचारलं, "चोरी नव्हती, तं मग मी ओटा कावून फोडला, साहेब?"