तिसरं रिमाइंडर

मोबाइल कंपन्यांच्या क्लाउडसाठी सगळ्यांना वापरता येतील असे खुले नियम आम्ही जगभरातले काही जण मिळून ऑनलाइन लिहितो. माझं प्रत्येक पान पास्कल तपासायचा. चार वर्षं सगळं इंग्रजीत आणि लिहूनच चालायचं. नावावरून मी धरून चाललो होतो, हा फ्रान्सचा असणार.

दोन आठवडे त्याचं उत्तर नव्हतं. काल मी वैतागून तिसरं रिमाइंडर टाकलं.

आज सकाळी त्याच्या मुलीचा मेल आला. मराठीत.

"काका, पप्पा गेले. आम्ही उत्तनला राहतो. तुम्ही भाईंदरचे, हे पप्पांना माहीत होतं. नियम लिहून झाले की तुम्हाला घरी जेवायला बोलवायचं म्हणायचे."

उत्तनची बस माझ्या बिल्डिंगखालून सुटते.

तुम्ही रोज ज्याच्याशी काम करता, तो राहतो कुठे, विचारलंय कधी? मी फक्त "झालं का?" एवढंच विचारत राहिलो.