काही न शिकवणारा वर्ग

रविवार, ९ फेब्रुवारी. पाणी उशिरा आलं. शिंप्याकडून पडदे आणले, एक आखूड निघाला. दुपारी औषधवाले तावातावाने वर आले.

एवढंच लिहून पेन ठेवलं. पण धाकटीबद्दल सविस्तर सांगायलाच हवं.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. सगळी गल्ली तिला गणितबाई म्हणते. लग्न होऊन आली तेव्हापासून खालच्या खोलीत शिकवण्या घेते. हाताखालून गेलेली मुलं आता आपली मुलं घेऊन येतात आणि दाराबाहेर चपला ओळीत लावतात, इतका तिचा धाक. लाड करणं तिला कधी जमलं नाही.

गेल्या पावसाळ्यात तिने औषधवाल्यांच्या मुलीची डावी भुवई पाहिली. निम्मी गायब. गणित अडलं की पोरगी एकेक केस उपटायची आणि ते दिसू नये म्हणून वर बटा ओढून घ्यायची. शाळा, मग शिकवणी, मग दुसरी शिकवणी. रविवारी सराव परीक्षा. धाकटी त्या दिवशी जेवली नाही. मला म्हणाली, "ताई, तुमची वरची खोली रविवारी दुपारी द्याल?"

तिने पालकांना बोलावून स्वच्छ सांगितलं, की रविवारी नवा वर्ग आहे आणि त्यात काहीही शिकवणार नाही. मुलांनी झोपावं, खेळावं, छताकडे बघावं. पालकांनी एकमेकांकडे पाहिलं. बाई मुद्दाम असं बोलतात, खरी युक्ती तिथेच देतात, अशी कुजबुज झाली आणि संध्याकाळपर्यंत जागा भरल्या. एका आईने तर ओळखीने चिठ्ठी पाठवली. धाकटी हसून हसून बेजार. "खरं सांगितलं तर एकाचाही विश्वास नाही, ताई. बरंच झालं."

पहिल्या रविवारी मुलं वह्या उघडून बसली. त्यांना रिकामं बसता येईना. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर जेवणानंतर बाकावर डोकं टेकायला लावत, तसं मी लावलं, तर अर्धा वर्ग घोरायला लागला. पुढे पत्ते आले. औषधवाल्यांची पोरगी गुलामचोरमध्ये इतकी बेमालूम लबाडी करायला लागली की धाकटीच तिच्या शेजारी बसेना.

आणि आज औषधवाले आले. परीक्षा तोंडावर आलेली, त्यांनी रविवारसाठी आणखी एक क्लास ठरवला होता. दार ढकललं तर लेक हातात पत्ते धरून खिदळतेय.

"हाच का तुमचा खास वर्ग?" त्यांनी धाकटीला विचारलं.

"मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"ऊठ. दप्तर घे."

मुलगी उठली नाही. आवाज बारीक होता, पण खोलीभर ऐकू आला. "बाबा, आठवडाभर तुम्ही म्हणाल ते करते. रविवारी मी नाही येणार." मग तिने कपाळावरच्या बटा मागे सारल्या. "इथे केसच नव्हते. आता आलेत. तुम्हाला माहीत तरी होतं का?"

औषधवाले खाली वाकून बघत राहिले. दुकानात दिवसभर लोकांची दुखणी ऐकणारा माणूस, पण लेकीचं हे त्यांना आजच दिसलं. त्यांनी धाकटीकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता?" ती म्हणाली. "उत्तर तिने दिलंय. बरोबर आहे."

ते जिन्यात गेले. तिथून फोनवर त्यांचा चढा आवाज आला: माझी मुलगी रविवारी मोकळी नसते, तुम्हाला एवढं कळत नाही का? जणू क्लासवाल्यांनीच त्यांना गळ घातली होती. खोलीत असा हशा उसळला की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली.

धाकटी मात्र भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पदर डोळ्यांना लावलेला मी पाहिला. ती म्हणाली, धूळ गेली. मी मान डोलावली.

रात्री वही पुन्हा उघडून शेवटची ओळ लिहिली: वरच्या खोलीतली सतरंजी उसवली आहे, उद्या टाके घालायचे.