आबांचे हंस आणि खडेमीठ

बारामतीच्या एका बागेत तळं आहे आणि त्या तळ्यात पांढरे पाळीव हंस आहेत. गावातले सगळे त्यांना बदकंच म्हणतात, आणि सगळे त्यांना खायला घालतात. सुट्टीच्या सकाळी काठावर उभं राहून बघा. खारी, टोस्ट, फरसाण, वड्याची वरची कुरकुरीत साल, आणि एकदा तर कुणाच्या तरी साखरपुड्यातली उरलेली जिलेबी. वर चेहऱ्यावर समाधान असं, की मुक्या जिवाला घास घातला.

हा घास नाही, हा छळ आहे, असं मी पत्रकात लिहिलं होतं. आजही त्यातला शब्द मागं घेणार नाही. मैद्यानं पोट भरतं, अंगी काही लागत नाही. वाढत्या पिल्लांचे पंख बाहेरच्या बाजूला वळतात आणि जन्मभर तसेच राहतात. खाऊन उरलेलं तळ्यात कुजतं, पाणी हिरवंगार होऊन वास मारतं, आणि त्याच पाण्यात हे बिचारे माना बुडवतात. सगळ्यात वाईट म्हणजे त्यांना माणसाच्या हाताकडे बघायची सवय लागते. मग रिकामा हातही त्यांना भरलेला दिसतो, आणि ते चावतात.

चावलेच. एका लहान मुलीचं बोट धरलं. रक्त आलं नव्हतं, पण आरडाओरडा एवढा झाला की बागेचा मुकादम धावत आला. मुलीच्या आईनं तिथंच सांगितलं, ही जनावरं बागेत नकोत. मुकादमानं मला बाजूला घेतलं. आमचा प्राणिमित्रांचा ग्रुप दर थोड्या दिवसांनी काही ना काही पत्रकं घेऊन बागेत यायचा, म्हणून तो मला ओळखत होता.

"ताई, अजून एक तक्रार आली की मला ही ठेवता यायची न्हाईत. वरनं सांगून झालंय."

"मग कुठं नेणार?"

"लोणी देवकरला एक कॅन्टीनवाला हाय. टेंपो घेऊन यायला तयार हाय."

"तो पाळणार?"

मुकादमानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी शिकलेली आहे यावर त्याचा विश्वास बसेना. "ताई, कॅन्टीनवाला हाय तो."

त्याच रात्री पत्रक लिहिलं. ठळक अक्षरात: हंसांना पाव घालू नका. खाली कारणं. मागच्या बाजूला त्यांचं खरं अन्न काय ते. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी उभी राहिले. माणसांनी पत्रक घेतलं, वाचलंसुद्धा, आणि सरळ तळ्याकडे गेली.

"काका, आत्ताच वाचलंत ना?"

"वाचलं की. पाव न्हाय हा, खारी हाय."

एक आजी म्हणाल्या, "अगं, मी घरनं चपाती आणलीया. गव्हाची हाय. तूप बी लावलंय." एका पोरानं माझ्याच पत्रकाचा पुडा वळला आणि त्यात दाणेवाल्याकडून खारे शेंगदाणे घेतले. मला इतका संताप आला की मी त्याच्या हातातून तो पुडा काढून घेतला. शेंगदाणे सांडले, हंस धावले, आणि मी भर सकाळी हंसांच्या गर्दीत खाली वाकून शेंगदाणे वेचत बसले. बघणाऱ्यांना वाटलं, मीच चारतेय.

ह्या सगळ्यात मला एका माणसाची काळजी होती. आमचे आबा. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, मूळचे जवळच्या कन्हेरी गावचे. त्यांच्या लहानपणी घरी मेंढरं होती. वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, घेऊन हिंडायचे. पुढं मेंढरं गेली, ऊस आला, आबा सोसायटीचे सभासद झाले, आणि उसाला पाणी देता देता गुडघे गेले. मग आमच्याकडे बारामतीत राहायला आले. आमच्या घरात त्यांना करण्यासारखं काही नव्हतं. टीव्हीसमोर बसले की पाच मिनिटांत डोळा लागायचा. पण बागेतले हंस दिसले आणि माणूस बदलला. रोज उजाडायला काठी घेऊन निघायचे. काठावर उभं राहून जिभेनं असा काही आवाज काढायचे, थिर्र थिर्र करून, की तळ्याच्या पलीकडच्या कडेचे हंस पाणी कापत यायचे. आबा पुढं, ते मागं रांगेनं. बागेत फिरायला येणारे लोक फोन काढायचे.

"आबा, तुम्हाला ती ओळखतात काय हो?" मी विचारलं होतं.

"मला कशाला? काठीला वळखत्यात. कळपाला माणूस न्हाय लागत, काठी लागती."

घरी जेवताना तेच. आज एक लंगडतंय. आज थोरलं रुसलंय. आई म्हणायची, "आबा, आमच्याबद्दल पण बोला की कधी." आबा म्हणायचे, "तुमी काय बोलण्यासारखं करता?"

टेंपोचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. सांगायचा धीर झाला नाही. हंस गेले तर ह्या माणसाचं काय होईल, हा विचार मला पत्रक लिहितानाही सोडत नव्हता.

मग एका सकाळी आबा बागेतून परतले आणि चहाला हात लावेनात. मी खोदून विचारल्यावर म्हणाले, "एक पाखरू आजारी हाय. नुसतं पाणी पितंय. उभं राहतंय आन् डुलतंय."

मी लगेच आबांना घेऊन निघाले. तो हंस काठाच्या सिमेंटवर उभा होता. मान खाली, पाय फाकलेले, चोच पाण्यात घालून घटाघटा पीत होता, थांबत होता, परत पीत होता. मला कारण आधीच माहीत होतं, असं मला वाटलं. फरसाणवाले! मी डॉक्टरांना फोन करतानाच ओरडत होते. आमच्या ओळखीचे जनावरांचे डॉक्टर आले, एरवी ते गाई-म्हशी बघतात. त्यांनी हंसाला हातात घेतलं, डोळे बघितले आणि विचारलं, "मीठ खातोय का हा कुठं?"

"फरसाण घालतात हो लोक, किती सांगितलं तरी..."

"फरसाणानं एवढं न्हाय होत एका दिवसात. कुणीतरी नुसतं मीठ देतंय. सावलीत ठेवा, स्वच्छ पाणी थोडं थोडं द्या, दुसरं काही देऊ नका."

आबा शेजारी उभे होते. त्यांनी आपला हात हळूच पैरणीच्या खिशावर ठेवला. मी तो हात बघितला. मग आबांकडे बघितलं.

"आबा, खिशात काय आहे?"

"भाकरी."

"अजून?"

आबांनी खिशातनं मूठ काढून उघडली. कुस्करलेली भाकरी आणि तिच्यात खडेमीठ. जाडे, पांढरे खडे.

"मेंढराला मीठ लागतं," आबा म्हणाले. "मिठाबिगर मेंढरू पाणी पीत न्हाय, चारा खात न्हाय, अंग धरत न्हाय. आमी दगडावर मीठ टाकायचो, चाटून चाटून दगड गुळगुळीत व्हायचा. ही पाखरं सुकल्यागत दिसत व्हती. म्हणलं, ह्येंना कोण मीठ देणार?"

"आबा, हे मेंढरू नाही! ह्याच्या जिवावर बेततं ते!"

मी जे बोलले ते आवाज चढवूनच बोलले. बागेतली माणसं थांबून बघायला लागली. बोलले ते बरोबरच होतं. डॉक्टरही म्हणाले, पक्ष्याला एवढं मीठ सोसत नाही, तुमचा हेतू चांगला असला तरी. आबांनी मूठ मिटली, मीठ कचऱ्याच्या डब्यात झाडलं, हात धोतराला पुसला आणि फाटकाकडे चालू लागले. काठी मात्र कठड्यालाच टेकून राहिली. मी ती घेऊन घरी आले.

त्यानंतर आबा बागेत गेले नाहीत. काठी दारामागं उभी. आई म्हणाली, "जा की आबा, फिरून या." ते म्हणाले, "काय करू जाऊन? हात लावीन तितं जीव जातोय." आजारी हंस हळूहळू सावरला, मान वर धरायला लागला. मी रोज येऊन सांगायचे. ते नुसतं "बरं" म्हणायचे.

इकडे बागेत वेगळंच झालं. पत्रकांनी नाही, पण मीठ खाऊन हंस मरायला टेकला या बातमीनं लोक घाबरले आणि खाऊ घालणं एकदम कमी झालं. म्हणजे माझी मोहीम यशस्वी. आणि हंस? ते भुकेले, चिडलेले, फाटकापर्यंत येऊन माणसांच्या पिशव्या ओढायला लागले. वडापाव खात उभ्या असलेल्या एका बाईंच्या मागं तिघं लागले, बाई बाकावर चढल्या. मुकादमाचा फोन आला.

"ताई, तक्रार आली. उद्या सकाळी टेंपोला हो म्हणतोय मी. आबांना सांगा, बघायचं असलं तर येऊन बघून जावा."

आता सांगायलाच हवं होतं. आबा खाटेवर बसले होते. मी सगळं सांगितलं, कॅन्टीनवाल्यासकट. त्यांनी ऐकून घेतलं.

"मग मी काय करू? चारू नको म्हणतीस."

"भरवू नका म्हणते. चारा की!"

"काय चारू? काय खातंय ते पाखरू, सांग की एकदा. नुसतं ह्ये घालू नका, त्ये घालू नका. सासूगत."

"गवत," मी म्हणाले. "हंसाचं खरं खाणं गवत आहे आबा. कोवळं गवत. ते चरतात."

आबांनी खाटेवरून पाय खाली सोडले. "चरत्यात? मेंढरागत?"

"तसंच. चोचीनं कापून."

"आन् ह्ये तू आत्ता सांगतीस?"

"पत्रकावर लिहिलं होतं! मागच्या बाजूला!"

"मागच्या बाजूला!" आबा उठून उभे राहिले. गुडघा धरला, तरी उभे राहिले. "खायचं मागं लिवत्यात व्हय? काठी कुठं हाय माझी?"

उजाडता उजाडता आम्ही बागेत पोहोचलो. वरच्या अंगाला मोठी हिरवळ आहे, कडेनं साखळी, पाटीवर हिरवळीवर चालण्यास मनाई. मुकादम टेंपोची वाट बघत फाटकाशी उभा होता. आबांनी सरळ विचारलं, "ह्ये गवात कापतंय कोण?"

"मशीन."

"मशीन ठिव बाजूला. माझी पाखरं कापत्यात."

"आबा, ती शोभेची हिरवळ हाय."

मी मध्ये पडले. आधी विचारलं, हिरवळीवर औषधाची फवारणी केली आहे का. नव्हती केली, पुढच्या आठवड्यात करणार होते. मी म्हटलं, ती करू नका, नाहीतर मी त्यावरही पत्रक काढीन. मुकादम हसला नाही, पण साखळीचा आकडा काढला. "आजच्या दिवस. घाण केली तर तुमी झाडायची."

"लेंड्या झाडण्यात जल्म गेलाय आमचा," आबा म्हणाले.

आबांनी काठी आडवी धरली आणि थिर्र थिर्र सुरू केलं. हंस आधी त्यांच्या खिशाकडेच धावले. आबांनी खिसा उलटा करून दाखवला. एकानं तरी चोचीनं ओढून बघितलं. आबा चढावर पुढं चालत राहिले, गुडघ्यामुळं हळू, आणि हंस आरडाओरड करत मागं. हिरवळीच्या कडेला येऊन थांबले. आबांनी काठीच्या टोकानं गवताचा एक झुबका हलवला. थोरल्यानं मान तिरकी करून बघितलं, चोच लावली, कट्कन तोडलं. मग दुसऱ्यानं. मग सगळ्यांच्या माना खाली गेल्या. तो आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता, बारीक कात्र्या चालल्यासारखा. एक माणूस साखळीशी येऊन "आ आ" करत टोस्ट हलवत होता. एकाही हंसानं वर बघितलं नाही.

मुकादमाचा फोन वाजला. टेंपोवाला असणार. मुकादम फोन कानाला लावून हिरवळीकडे बघत उभा राहिला, मग म्हणाला, "न्हाय ओ, आता जमायचं न्हाय. कामाला लावल्यात मी त्यांना. गवात कापाय."

आबा पाठमोरे होते, तरी ऐकलं त्यांनी. मागं न वळता म्हणाले, "काम कसलं रं! चरत्यात ती. चरू दे."