पैलथडीचा फोटो

गंगाखेडात व्यंकटी फोटोवाल्याला न ओळखणारा माणूस भेटला, तर तो नुकताच एसटीतून उतरलाय असं खुशाल समजावं. तीस वर्षं त्यानं या भागातली लग्नं टिपली. मानवतपासून पोखर्णीपर्यंत ज्या ज्या घरात नवरानवरीचा फोटो भिंतीला टांगलाय, त्यातल्या निम्म्या नवऱ्यांच्या माना यानंच "थोडी खाली, अजून थोडी" करत वाकवलेल्या. पुढं प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि स्टुडिओत पासपोर्ट फोटोवाले तेवढे उरले. दुसरा कोणी नशिबाला बोल लावत बसला असता. व्यंकटीनं दुकान उघडायची वेळ दहाची केली आणि सकाळ नदीला देऊन टाकली.

नदी म्हणजे गंगा. नकाशात ती गोदावरी असेल, पण इथं तिला त्या नावानं हाक मारणारा सरकारी माणूसच असतो. खालच्या अंगाला बंधारा झाल्यापासून पाणी बारा महिने तुंबलेलं असतं. व्यंकटी सहाला घाटावर यायचा, पायऱ्या उतरून काठाकाठानं रेल्वेच्या पुलापर्यंत जायचा आणि परत फिरायचा. वाटेत कपडे धुणाऱ्या बाया, सूर्याला पाणी देणारे म्हातारे, खुंटावर पंख वाळवत बसलेला पाणकावळा, म्हशीच्या पाठीवरून पाण्यात उतरणारं ऊन. जे दिसेल ते टिपायचं. घरी येऊन त्यातला एकच फोटो निवडायचा आणि "गंगाकाठ" नावाच्या ग्रुपवर टाकायचा. हा ग्रुप त्याच्या लेकीनं, अर्पितानं, पुण्याहून काढून दिलेला. गाव सोडून गेलेली एकशेऐंशी माणसं त्यात होती. ऊसतोडीला गेलेल्या टोळ्यांतले लोकही फडात चहा पिताना तो फोटो बघायचे आणि "आपली गंगा" असं लिहायचे. एवढ्यावर व्यंकटीचा दिवस चांगला जायचा.

काठावरून मन भरेना तेव्हा तो पाण्यात उतरला, आणि त्याला कारण चंद्रभान. चंद्रभान पैलथडीचा, तीन एकरांचा शेतकरी. मोटारीचा पाइप गाळानं बुजला की साफ करायला त्यानं थर्माकोलचे तुकडे जुन्या जाळ्यात आवळून तराफा बनवला होता. तसाच दुसरा त्यानं व्यंकटीला करून दिला, फळीचं वल्हंही तासून दिलं. व्यंकटीला पोहता येत नाही. साठीला टेकलेला हा गडी कमरेला ट्रकची ट्यूब अडकवून, कॅमेरा झुंबरबाईच्या लोणच्याच्या बरणीत घालून गंगेत निघाला, तेव्हा घाटावर बघायला गर्दी झाली होती. झुंबरबाई, म्हणजे त्याची बायको, मात्र तोंड झाकून घरी निघून गेली. बरणी तिनं कितीही धुतली तरी पुढं कित्येक दिवस फोटो काढताना व्यंकटीच्या नाकात कैरीचा वास यायचा.

चंद्रभानची बायको कडूबाई ही व्यंकटीची मानलेली बहीण. तिच्या आईचा शेवटचा फोटो व्यंकटीनं काढला होता. त्याच वर्षी राखीला ती धागा घेऊन नदी ओलांडून आली आणि तेव्हापासून एकही राखी चुकली नाही. व्यंकटीचा तराफा पैलथडीला लागायचा तो तिच्याच रानापाशी, आणि तिथला चहा पिऊनच तो परत वल्हवायचा.

त्या हिवाळ्यातली एक सकाळ. पाण्यावर पातळ धुकं, सूर्य नुकताच बाभळींच्या वर आलेला. नदीच्या मध्यावरून व्यंकटीला पैलथडीला तीन बाया दिसल्या. हिरवा खण, नारळ, ओंजळीत तांदूळ. झूम करून पाहिलं, तर कडूबाई, तिची जाऊ कुसुमबाई आणि मध्ये मान खाली घालून उभी असलेली सून राजेश्री. बाया गंगामाईची ओटी भरायल्यात, असं त्यानं ठरवून टाकलं. असा उजेड वर्षातून एखाद्या वेळी मिळतो. त्यानं वल्हं मांडीखाली दाबलं, श्वास धरला आणि फोटो घेतला. घरी येऊन खाली ओळ लिहिली, "पैलथडीला गंगामाईची ओटी", आणि ग्रुपवर टाकून दिला. स्टेटसलाही लावला. आयुष्यातला सगळ्यात देखणा फोटो आपण आज काढला, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

झुंबरबाई भाजी निवडत होती. त्यानं फोन तिच्यापुढं धरला. ती कौतुकानं बघायला लागली आणि बघता बघता तिचा हात थांबला.

"आवो, हे काय केलंत?"

"का? झ्याक आलाय की."

"गंगेची ओटी पाण्यात सोडत्यात. हितं पदर कुनी पसरलाय, बगा की नीट."

व्यंकटीनं नीट बघितलं. तांदूळ पाण्यात पडत नव्हते, राजेश्रीच्या पदरात पडत होते.

"चोरओटी हाय ती," झुंबरबाई म्हणाली. "तिसऱ्या म्हैन्यातली. घरातल्या बायांनी कुनाला कळू न देता भरायची आस्ती. आन् तुमी गावजेवणाला मांडून ठिवली."

राजेश्रीच्या लग्नाला नऊ वर्षं झालेली. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा चौथ्या महिन्याच्या आत सगळं संपलं. यंदा तिचा नवरा आदिनाथ एकटाच ऊसतोडीला गेला, तेव्हा लोकांनी विचारलं, तर कडूबाईनं "सुनेची कंबर धरलीय" म्हणून सांगितलं होतं. त्या कमरेचा खरा अर्थ आता एकशेऐंशी लोकांना कळला होता. फोटो त्यानं पुसला, पण तोवर तो पुढं गेलेला. चुडाव्याहून राजेश्रीच्या चुलतीचा, नर्मदाबाईचा, फुलांचा गुच्छ आणि जोडलेले हात आले होते. फडात आदिनाथच्या टोळीनं त्याला खांद्यावर उचलल्याचा व्हिडिओसुद्धा आला होता.

दुकान न उघडताच तो नदीवर गेला. नजर, दृष्ट, मीठमोहऱ्या यांना व्यंकटी जन्मभर हसत आलेला. बाळाच्या गालावरची काजळाची तीट फोटोत वाईट दिसते म्हणून त्यानं कित्येक आयांना ती पुसायला लावली होती. पण आज तराफा वल्हवताना त्याला हसू येत नव्हतं. आपल्या हौसेपायी त्या पोरीचं काही झालं तर, एवढाच विचार डोक्यात घुमत होता.

कडूबाई काठावरच उभी होती. तिनं दरवेळेसारखी तराफ्याची दोरी धरली नाही.

"अक्का, चुकलं माझं. मला वाटलं गंगेची..."

"माझं नाव कडू कामून ठिवलं, ठाव हाय का तुला?" ती शांतपणे म्हणाली. "माज्या आगूदर तीन लेकरं गेली. चौथी मी. कुनाची नजर पडू ने म्हनून आईनं आसलं नाव ठिवलं. आन् तू, माजा भाऊ, माज्या सुनेचं पोट साऱ्या मुलखाला दाखवून बसलास."

व्यंकटीला वाटलं, तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो गुडघाभर पाण्यात उतरला आणि दोरी स्वतःच धरून ठेवली.

ती म्हणाली, "पोर मोकळी हुईस्तोर गंगेवर क्यामेरा आनायचा न्हाई. यायचं तर हात हलवत ये. न्हाई तर येऊच नको."

"न्हाई आनत," तो म्हणाला.

ग्रुपवर त्यानं "कॅमेरा दुरुस्तीला टाकलाय" असं लिहिलं. लोकांनी आठवडाभर हळहळ केली आणि मग एकमेकांना सुप्रभात म्हणायला लागले.

पहिले दिवस फार वाईट गेले. पाणकावळ्यानं पंख पसरले की व्यंकटीचा हात छातीकडं जायचा आणि रिकामाच खाली यायचा. म्हाताऱ्याच्या ओंजळीतलं पाणी उन्हात चमकायचं आणि हा हळहळत बसायचा. पण महिनाभरात काहीतरी सैल झालं. पूर्वी चार हात वल्हवलं की थांबून कॅमेरा काढायचा, आता तो सरळ पुलापर्यंत जाऊन यायला लागला. धुणं धुणाऱ्या बायांशी बोलायला लागला. त्या इतके दिवस त्याला पाठमोऱ्याच माहीत होत्या.

फाल्गुनात डॉक्टरीणबाईंनी राजेश्रीला रोज चालायला सांगितलं. ती पैलथडीच्या काठावरून चालायची, आणि व्यंकटी तिच्या चालीनं पाण्यातून तराफा वल्हवायचा. ती थांबली की तो थांबायचा. पाण्यावरून बोलणं सहज ऐकू जातं. ती फडातल्या गमती सांगायची, तो लग्नातल्या. कडूबाई लांब बांधावर काम करत करत दोघांवर डोळा ठेवून असायची. चौथा महिना सरला, पाचवा सरला. व्यंकटी मनातल्या मनात आठवडे मोजायचा आणि कुणाला सांगायचा नाही.

"मामा," एकदा राजेश्रीनं विचारलं, "आत्ता क्यामेरा आसता तर?"

ती वाळूत पाय रोवून उभी होती, एक हात पोटावर, मागं खरबुजाचे वेल. व्यंकटीनं क्षणभर डोळे बारीक केले.

"तर अक्कानं मला तराफ्यासकट बुडवलं आसतं," तो म्हणाला, आणि राजेश्री इतकी हसली की बांधावरून कडूबाईचा आवाज आला, "लय हसू नको गं, पोटात पीळ पडंल!"

सातव्या महिन्यात मात्र तीन दिवस राजेश्री काठावर आली नाही. चंद्रभानही दिसेना, फोनही लागेना. तिसऱ्या दिवशी व्यंकटी वल्हवत पैलथडीला गेला. रान रिकामं होतं. परत येताना मध्यावर त्यानं वल्हं आडवं ठेवलं, ओंजळभर पाणी घेतलं आणि डोळ्यांना लावलं. असं त्यानं या नदीत पूर्वी कधी केलं नव्हतं. संध्याकाळी चंद्रभानचा फोन आला. सुनेला चुडाव्याला माहेरी पोचवायला दोघंही गेलो, तिथंच राहून आज परत आलो, घाईत सांगायचं राहून गेलं. व्यंकटी त्याला वाटेल ते बोलला आणि फोन ठेवल्यावर रडला. झुंबरबाईनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

आषाढात आदिनाथचा फोन आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप. झुंबरबाईनं साखर वाटली. कॅमेऱ्याबद्दल कडूबाईकडून काही निरोप आला नाही आणि व्यंकटीनंही विचारलं नाही. गंगेला पूर आला होता, तराफा वर ओढून ठेवलेला. तो काठाकाठानं हात हलवत फिरत राहिला.

सव्वा महिन्यानं, चुडाव्याहून घरी जाताना, कडूबाई गंगाखेडला उतरली ती थेट स्टुडिओतच आली. बरोबर राजेश्री आणि तिच्या कुशीत दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. व्यंकटी खुर्चीतून उठायला लागला.

"बस खाली," कडूबाई म्हणाली. तिनं पोर सुनेच्या हातातून घेतली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. "आदी डोळ्यानं बग. मग मिशिनीनं."

व्यंकटीनं बघितलं. पोरीनं एक डोळा उघडला, त्याच्याकडं पाहून काही विशेष वाटलं नाही तसा तो मिटला, आणि मोठी जांभई दिली. मग त्यानं फोटो काढले. आठ महिन्यांची भूक होती, वीसपंचवीस काढले. कॅमेऱ्यातून फोनवर घेतले. त्यातला जांभईचा बघून मागच्या घरातून आलेली झुंबरबाईसुद्धा पाघळली.

"लाव आता तुज्या गंगाकाठावर," कडूबाई म्हणाली. "पोर मोकळी झाली. एकशेऐंशी न्हाई, पाचशे लोकांनी बगू दे."

व्यंकटीनं ग्रुप उघडला, फोटो निवडला. अंगठा बटणावर नेला आणि थांबला. त्यानं फोनकडं बघितलं, मांडीवरच्या पोरीकडं बघितलं. प्रवासात तिच्या गालावरची तीट पुसून गेली होती.

"काजळ हाय का गं?" त्यानं झुंबरबाईला विचारलं.

डबी आली. त्यानं स्वतःच्या बोटानं पोरीच्या गालावर हे एवढं मोठं, ओबडधोबड काळं लावलं. फोन बंद करून खिशात घातला.

"मामा, लावा की," राजेश्री म्हणाली.

"र्‍हाऊ दे."

"कामून रे?" कडूबाईनं विचारलं.

"लय लोक हायेत त्याच्यात," तो म्हणाला. "कोन कसा बगंल, काय सांगावं."

कडूबाईनं पोर परत घेण्यासाठी पुढं केलेले हात मागं घेतले आणि बाकावर ऐसपैस बसली.

"वैनी, च्या टाका," ती झुंबरबाईला म्हणाली. "आमाला काई घाई न्हाई."